बदल वाचण्याआधी चढउतार मोजावा

सहा वर्षांपूर्वी हृदयगतीच्या अवघ्या पाच ठोक्यांच्या फरकावरून मी माझा महिनाभराचा सराव बदलला होता. ट्रॅकवर ठरलेल्या वेगाने धावायचे आणि शेवटच्या दोन फेऱ्यांमधील सरासरी हृदयगती वहीत लिहायची, अशी एक साधी चाचणी मी दर पंधरा दिवसांनी करत असे. एका खेपेस आकडा १४४ आला, पुढच्या खेपेस १४९. तेवढ्याच वेगासाठी हृदयाला जास्त काम पडते आहे, म्हणजे तयारी घसरली, असा अर्थ मी लावला आणि आठवड्यात वेगाच्या सरावाचा आणखी एक दिवस घातला. त्यानंतरच्या चाचणीत १४५ आले, त्यामुळे निर्णय योग्य होता याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही. पाचव्या आठवड्यात नडगी दुखू लागली आणि पुढचे दोन महिने धावणे बंद ठेवावे लागले.

त्या दोन महिन्यांत जुन्या वह्या चाळताना एक प्रश्न पहिल्यांदा मनात आला, आणि तो आधी का सुचला नाही याचे मला आजही वाईट वाटते. सरावात, प्रकृतीत, दिनक्रमात काहीही बदललेले नसताना हा आकडा मुळात किती हलतो? हे ठाऊक नसेल तर १४४ आणि १४९ या दोन आकड्यांमध्ये काही घडले की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. वेळ, अंतर, ठोके आणि झोप यांची मोजदाद करणारी साधने आज जवळजवळ प्रत्येक धावपटूच्या मनगटावर आहेत. या एका प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतेही घड्याळ आपणहून देत नाही. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

दुखापत बरी झाल्यावर आणि धावणे पूर्ववत सुरू झाल्यावर मी चार आठवडे फक्त हेच केले. दर आठवड्याला दोनदा, त्याच ट्रॅकवर, सकाळच्या त्याच वेळी, तेच बूट घालून, १५ मिनिटे हलके धावून झाल्यावर ८ फेऱ्या प्रत्येकी २ मिनिटे २४ सेकंदांत, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटांच्या वेगाने. अंतर ३,२०० मीटर, वेळ १९ मिनिटे १२ सेकंद. या काळात सराव मुद्दाम एकसारखा आणि हलका ठेवला. चार आठवडे निवडण्यामागे आणखी एक कारण होते: मासिक पाळीच्या उत्तरार्धात विश्रांतीच्या वेळची हृदयगती अनेक स्त्रियांमध्ये काही ठोक्यांनी वाढलेली असते, आणि तो चढउतारही मोजणीत यायला हवा होता. स्त्रियांच्या सरावाची आकडेवारी पाहणाऱ्यांनी ही नोंद वगळू नये असे मला फार मनापासून वाटते. तिच्याशिवाय पंधरा दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांची तुलना पहिल्यापासूनच तिरकी होते.

आठ चाचण्यांचे आकडे असे आले: १४८, १४४, १४६, १५०, १४३, १४७, १४५, १४९. सरासरी १४६.५ आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप, सुमारे २.४ ठोके. एकाच व्यक्तीने एकसारख्या परिस्थितीत पुन्हा पुन्हा दिलेल्या चाचण्यांमधील या विचलनाला क्रीडासंख्याशास्त्रात नेहमीची त्रुटी मानले जाते. या विषयावर दीर्घकाळ लिहिणारे विल हॉपकिन्स यांनी व्यवहारासाठी एक उंबरठा सुचवला आहे: दोन चाचण्यांमधील फरक या त्रुटीच्या दीड ते दोन पटींपेक्षा मोठा असेल, तरच खरोखर काही बदलले असण्याची शक्यता धरावी. माझ्या बाबतीत हा उंबरठा साधारण साडेतीन ते पाच ठोक्यांचा निघाला. ज्या पाच ठोक्यांवरून मी महिनाभराचा सराव फिरवला, त्याच्या आसपासचा फरक काहीही न बदलता केवळ चार आठवड्यांत, त्याच ट्रॅकवर, अनेकदा येऊन गेला होता. पहिल्या चाचणीतील १४८ नंतर लगेच दुसऱ्या चाचणीत १४४ आले होते, आणि चौथ्या चाचणीतील १५० नंतर पाचव्यात १४३.

सराव बदलल्यानंतर आकडा १४५ वर परत आला, याचाही उलगडा मग झाला. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या मोजमापांवरून दाखवून दिले होते की टोकाच्या मोजमापाशी जोडलेले दुसरे मोजमाप सरासरीच्या जवळ सरकलेले असते. धावण्याच्या चाचणीला हे तंतोतंत लागू पडते. वाईट आकडा आला की आपण काहीतरी करतो, आणि पुढचा आकडा बहुतेक वेळा बरा येणारच असतो, कारण तो नेहमीच्या जागी परतत असतो. श्रेय मात्र आपण केलेल्या गोष्टीला मिळते, मग ती वेगाच्या सरावाची जादा खेप असो, नवा बूट असो किंवा एखादी पावडर असो. चांगल्या आकड्यानंतर कौतुक केले की खेळाडू बिघडतो, हा प्रशिक्षकांमध्ये आढळणारा समजही याच घसरणीतून येत असावा, असे माझे मत आहे.

चढउतार कमी करण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही कष्टाचे आहेत. पहिला, परिस्थिती शक्य तितकी एकसारखी ठेवणे. उष्णता वाढली की त्वचेकडे जाणारे रक्त वाढते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि तोच वेग राखण्यासाठी ठोके वाढतात. त्यामुळे तापमान लिहून न ठेवलेली हृदयगतीची नोंद अर्धीच असते. मोजणारे साधनही बदलू नये. मनगटावरील घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालील रक्तप्रवाह वाचते आणि धावताना कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडते. किलोमीटरला ६ मिनिटांच्या सावकाश वेगातही एखाद्या दिवशी घड्याळ १७० ठोके दाखवू लागते, आणि त्याच वेळी पावलेही मिनिटाला १७० पडत असतात. छातीपट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो आणि ही गल्लत करत नाही, म्हणून चाचणीच्या दिवशी मी फक्त छातीपट्टाच वापरते.

दुसरा मार्ग म्हणजे एका आकड्याऐवजी अनेकांची सरासरी घेणे. चार चाचण्यांची सरासरी घेतली की त्रुटी निम्मी होते, कारण ती चाचण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागली जाते. माझ्या बाबतीत २.४ ची १.२ होते. सकाळी उठल्यावर हृदयाच्या ठोक्यांमधील अंतराची विषमता मोजणारे लोक एका दिवसाच्या आकड्याऐवजी सात दिवसांची चल सरासरी, म्हणजे रोज एक दिवस पुढे सरकणारी सरासरी, पाहतात, त्यामागेही हेच कारण आहे. ते मोजमाप दिवसागणिक इतके उड्या मारते की एका सकाळच्या आकड्यावरून त्या दिवसाचा सराव ठरवणे मला धाडसाचे वाटते.

कोणता आकडा किती भक्कम आहे, हे सूत्रांच्या बाबतीतही तपासावे लागते. दीर्घकाळ टिकवता येणारा वेग ओळखण्यासाठी एक जुनी आणि सुंदर पद्धत आहे. स्नायूंच्या कामावरील तिची मूळ मांडणी मोनो आणि शेरेर या फ्रेंच संशोधकांनी १९६५ मध्ये केली आणि पुढे ती धावण्याला लागू झाली. वेगवेगळ्या दिवशी दोन अंतरे पूर्ण जोर लावून धावायची. दोन अंतरांमधील फरकाला दोन वेळांमधील फरकाने भागले की निर्णायक वेग मिळतो, आणि त्या वेगाने तेवढ्याच वेळात कापले गेले असते ते अंतर प्रत्यक्ष अंतरातून वजा केले की, त्या वेगाच्या वर धावण्यासाठी शरीराकडे असलेला मर्यादित साठा मीटरमध्ये मिळतो. समजा, एखादीने १,२०० मीटर ४ मिनिटे ३० सेकंदांत आणि ३,६०० मीटर १५ मिनिटांत पूर्ण केले. २,४०० मीटरला ६३० सेकंदांनी भागले की सेकंदाला ३.८१ मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ४ मिनिटे २२ सेकंदांचा वेग येतो, आणि साठा १७१ मीटर.

आता याच धावपटूने छोटे अंतर पाच सेकंद सावकाश, म्हणजे ४ मिनिटे ३५ सेकंदांत पूर्ण केले असे धरू. भागाकार ६२५ सेकंदांनी होतो आणि निर्णायक वेग सेकंदाला ३.८४ मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे २० सेकंद येतो. ती एका चाचणीत सावकाश धावली आणि तिचा निर्णायक वेग कागदावर सुधारला! साठा मात्र १७१ वरून १४४ मीटरवर कोसळला. त्याच पाच सेकंदांच्या चुकीने वेग एका टक्क्याहूनही कमी हलतो आणि साठा जवळजवळ सोळा टक्क्यांनी हलतो. म्हणून निर्णायक वेगावरून टेम्पो धावेचा, म्हणजे बराच वेळ टिकवायच्या जोरकस धावेचा, वेग ठरवायला मी तयार असते, परंतु दोनच चाचण्यांमधून काढलेल्या साठ्यावरून कोणाच्याही इंटरव्हलची, म्हणजे मध्ये विश्रांती घेत धावायच्या वेगवान तुकड्यांची, संख्या ठरवत नाही. तिसरे अंतर जोडले की चित्र सुधारते, मात्र तीन दिवस पूर्ण जोर लावून धावायला लावणे हा स्वतःच सरावावर पडणारा मोठा भार असतो.

कमाल हृदयगतीसाठी सर्रास वापरले जाणारे २२० वजा वय हे सूत्र याच कारणासाठी मी सोडून दिले. गटाची सरासरी म्हणून ते फार चुकत नाही, पण एकट्या व्यक्तीची खरी कमाल गती त्यापासून दहा-बारा ठोके दूर असणे अगदी सामान्य आहे, आणि त्यावर उभे केलेले सर्व टप्पे मग तितकेच सरकतात.

कामगिरीच्या आकड्यांइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष सरावाच्या भाराच्या आकड्यांवर द्यावे लागते, कारण निर्णय आपण भाराबाबतच घेत असतो. मला सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत सर्वांत स्वस्तही आहे. कार्ल फॉस्टर यांनी रुजवलेल्या या पद्धतीत सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूने पूर्ण सत्र ० ते १० च्या पट्टीवर किती जड गेले ते सांगायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. ४५ मिनिटांची ४ दर्जाची धाव म्हणजे १८० एकक, ९० मिनिटांची ३ दर्जाची धाव म्हणजे २७० एकक. फॉस्टर यांनी यातूनच एकसुरीपणाचे माप काढले: आठवड्याच्या दैनिक भाराची सरासरी भागिले त्याचे प्रमाण विचलन.

या मापाने माझे डोळे उघडले. एका आठवड्यात रोजचा भार ३५०, ३००, २५०, ३००, ३५०, ३००, २५० असा आहे, आणि दुसऱ्यात ६००, १००, ४५०, ०, ५५०, १००, ३०० असा आहे. दोन्ही आठवड्यांची बेरीज २,१०० आहे. पहिल्याचा एकसुरीपणा मात्र ७ च्या वर जातो आणि दुसऱ्याचा १.२५ राहतो. दुखापतीपूर्वीच्या माझ्या वह्यांमधील आठवडे पहिल्या प्रकारचे होते. सोप्या दिवशी मी पुरेशी सावकाश धावत नव्हते, त्यामुळे अवघड दिवशी पुरेशी वेगात धावू शकत नव्हते, आणि प्रत्येक दिवस मध्यम कष्टाचा होऊन बसला होता. हृदयगतीच्या पाच ठोक्यांकडे टक लावून बसलेली मी, त्याच वहीत पानोपानी दिसणारी ही गोष्ट पाहत नव्हते. भागाकारात विचलन खाली असल्यामुळे अगदी सारख्या आठवड्यात हा आकडा भरमसाट वाढतो, म्हणून ७ आणि ९ यांची तुलना करण्यात अर्थ नाही; तो २ च्या वर गेला की आठवड्याची घडी तपासायची, एवढाच त्याचा उपयोग मी करते.

भाराच्या सर्वच सूत्रांनी असा विश्वास कमावलेला नाही. शेवटच्या आठवड्याच्या भाराला शेवटच्या चार आठवड्यांच्या सरासरीने भागायचे आणि उत्तर ०.८ ते १.३ च्या दरम्यान ठेवायचे, हा नियम टिम गॅबेट यांच्या २०१६ मधील लेखानंतर सर्वत्र पसरला. पुढे त्यावर गंभीर आक्षेप आले. शेवटचा आठवडा अंशातही आहे आणि छेदातही आहे, त्यामुळे हे दोन आकडे मुळातच एकमेकांना बांधलेले आहेत. बाकीचे तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली तरी उत्तर ४ च्या वर जाऊच शकत नाही. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये या नियमाचीही तीच स्थिती आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा टक्क्यांच्या नियमाने हळूहळू वाढवलेल्या गटात आणि नेहमीच्या कार्यक्रमाच्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सुमारे २० टक्के, निघाले. भार एकदम वाढवू नये हे मी आजही मानते, पण १.३ किंवा १० या आकड्यांना कुंपण मानत नाही.

एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मांडलेले प्रतिमान मला यापेक्षा अधिक समजूतदार वाटते. प्रत्येक सत्र तंदुरुस्तीही वाढवते आणि थकवाही वाढवते. थकवा मोठा असतो पण लवकर ओसरतो, तंदुरुस्ती सावकाश ओसरते, आणि कामगिरी म्हणजे या दोहोंतील फरक. प्रचलित ॲपमध्ये तंदुरुस्तीसाठी ४२ दिवस आणि थकव्यासाठी ७ दिवस हे काळ धरलेले असतात, म्हणजे विश्रांतीत तेवढ्या दिवसांनी ती ती गोष्ट सुमारे ३७ टक्क्यांवर उतरते. या हिशेबाने १४ दिवस पूर्ण विश्रांती घेतली तरी तंदुरुस्तीचा सुमारे ७२ टक्के भाग शिल्लक राहतो आणि थकव्याचा फक्त साडेतेरा टक्के. स्पर्धेपूर्वी सराव कमी केल्याने फायदा का होतो, हे यातून स्वच्छ कळते. प्रत्यक्षात पूर्ण विश्रांती घेऊ नये. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २००७ मधील एका लेखात, सुमारे दोन आठवडे, अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करून आणि वेग तसाच ठेवून केलेली कपात सर्वांत फलदायी ठरली होती. ४२ आणि ७ हे आकडेही व्यक्तीगणिक बदलतात. ॲपमधील रेघ पाहताना ती दुसऱ्या कोणाच्या तरी सरासरी शरीराची असू शकते हे मी स्वतःला बजावत असते.

गेली चार वर्षे मी आमच्या गटातील काही धावपटूंच्या नोंदीही पाहते आणि प्रत्येकाची आठ चाचण्यांची मोजणी आधी करून घेते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यापैकी एकीच्या चाचणीत हृदयगती तिच्या सरासरीपेक्षा सहा ठोक्यांनी कमी आली. तिचे प्रमाण विचलन २ ठोक्यांचे आहे, म्हणजे हा फरक त्रुटीच्या तिप्पट होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हाही पाच ठोके कमी. बदल खरा होता आणि तिला त्याचा अतिशय आनंद झाला होता. पण त्याच पानावर, चाचणी किती जड गेली या रकान्यात, ती नेहमी ३ लिहिते तिथे दोन्ही वेळा ५ लिहिलेले होते, आणि झोपेच्या रकान्यात चार दिवस ‘तुटक’ असा शेरा होता.

तयारी सुधारल्यावर ठोके कमी होतात तेव्हा धावणे सोपेही वाटू लागते. सलग जड सरावाने शरीर दमल्यावरही ठरलेल्या वेगाची हृदयगती घटते, आणि तेव्हा तोच वेग अधिक अवघड वाटतो. केवळ हृदयगतीच्या रकान्यातून या दोन अवस्था वेगळ्या करता येत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात खेळाडूने स्वतः सांगितलेल्या मनःस्थितीच्या आणि थकव्याच्या नोंदी सरावाच्या भाराला रक्तचाचण्या व हृदयगतीसारख्या मोजमापांपेक्षा अधिक संवेदनशीलपणे प्रतिसाद देतात असे आढळले होते. मी तिचा रकाना घड्याळाच्या बरोबरीने, किंबहुना एक पाऊल पुढे ठेवून वाचला. तिने स्पर्धेसाठी अंतर वाढवण्याचे ठरवले होते. त्याऐवजी आम्ही दहा दिवसांसाठी वेगाची दोन्ही सत्रे काढून टाकली आणि एकूण वेळ निम्म्यावर आणला.

निर्णय घेताना आम्ही दोघींनी वहीत अपेक्षाही लिहिली: थकवा असेल तर दहा दिवसांनंतर हृदयगती वर, तिच्या जुन्या सरासरीकडे येईल, जड जाण्याचा आकडा ३ वर उतरेल, आणि तसे न झाल्यास आमचा अंदाज चुकला असे मानून अंतर वाढवायचे. सहा ठोके पुन्हा वर येणे हे चांगले लक्षण ठरणार होते, हे आधी लिहून ठेवले नसते तर नंतर आम्ही त्या वाढीला घाबरलो असतो. अकराव्या दिवशी आकडा सरासरीपेक्षा एका ठोक्याने कमी आला आणि शेजारच्या रकान्यात तिने ३ लिहिले. एका चाचणीवर विसंबायचे नाही म्हणून त्या आठवड्यात आणखी दोन घेतल्या. तिन्हींची सरासरी जुन्या सरासरीपासून अर्ध्या ठोक्याच्या आत होती. पुढच्या सोमवारी तिने वेगाचे एक सत्र पुन्हा सुरू केले, आणि दुसऱ्यासाठी आम्ही आणखी चार चाचण्यांची वाट पाहत आहोत.